अन्नदात्याचें नांव

जेवण आटोपतांना 'अन्नदाता सुखी भव' असें म्हणण्याची रीत आमच्या सदाशिव पेठेंतील घरीं फार दिवसांची आहे. लहानपणीं अन्नदाता म्हणजे ज्याच्या घरीं पान वाढलें तो यजमान, एवढाच अर्थ मला ठाऊक होता. आणि स्वतः मिळवूं लागल्यावर तो मान मीं निःशंकपणें आपल्याकडे घेतला, हें कबूल करावयास हवें. या समजुतीस धक्का बसला तो तांदुळाच्या एका गोणीमुळें.

आमच्या वाण्याच्या दुकानांत आंबेमोहोर, इंद्रायणी यांच्या शेजारीं 'एच्. एम्. टी.' अशी पाटी खोंवलेली गोणी असते. तांदूळ बारीक, भात मोकळा. म्हणून तो कित्येक वर्षें घरीं येत होता. घड्याळाचें नांव तांदुळास कां, हा प्रश्न मात्र मला कधीं पडला नाहीं. त्याचें उत्तर एका मृत्युवार्तेनें दिलें. ३ जून २०१८ रोजीं दादाजी रामाजी खोब्रागडे निवर्तले. तो तांदूळ त्यांनीं निर्माण केलेला होता.

दादाजी हे चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यांतील नांदेड या खेड्याचे शेतकरी. शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन जेमतेम दीड एकर. १९८३ सालीं 'पटेल ३' जातीच्या धानांत त्यांना कांहीं लोंब्या निराळ्या दिसल्या. दुसऱ्या कोणाच्या हातीं त्या इतर धानाबरोबरच मळल्या गेल्या असत्या. दादाजींनीं त्या वेगळ्या राखल्या, आणि वर्षानुवर्षें निवडून, पेरून त्यांचें बीं वाढविलें. पुढें १९९० च्या सुमारास तें धान बाजारांत गेलें, तेव्हां त्या काळच्या लोकप्रिय मनगटी घड्याळाचें नांव त्यास मिळालें.

धानाचें फूल बहुधा स्वतःच्याच परागानें फळतें. त्यामुळें निवडलेले गुण टिकतात, आणि एकदां हातीं आलेलें बीं ज्याला त्याला घरीं राखतां येतें. याच गुणामुळें दादाजींचें दान गांवोगांव आणि महाराष्ट्राबाहेरही पोंचलें. आणि याच गुणामुळें दात्याचें नांव वाटेंत गळून पडलें. वाणावरील शेतकऱ्याचा हक्क मान्य करणारा कायदा २००१ सालीं झाला, तोंवर एच्. एम्. टी. सर्वत्र रुजलें होतें. दादाजींनीं निवडीचें काम मात्र सोडलें नाहीं. आणखीही कित्येक वाण त्यांनीं काढले. २००५ सालीं राष्ट्रपति अब्दुल कलाम यांच्या हस्तें त्यांचा गौरव झाला. २०१० सालीं 'फोर्ब्स'नें ग्रामीण भारतांतील कर्तबगार उद्योजकांत त्यांची गणना केली. इतकें होऊनही अखेरच्या आजारांत औषधपाण्याची विवंचना त्यांच्या घरास चुकली नाहीं.

हें वाचून मीं मनाशीं ओशाळलों. आमच्या पेठेंत एखाद्या संस्थेस देणगी देणाराचें नांव संगमरवरावर कोरतात. ती रीत वाईट नव्हे. उपकार स्मरणें हें चांगल्या समाजाचें लक्षणच आहे. परंतु आम्ही रोज 'सुखी भव' म्हणत होतों, आणि ज्याला तो आशीर्वाद पोंचावयाचा, तो सुखी आहे कीं नाहीं हें विचारण्याइतकीही आम्हांस त्याची ओळख नव्हती.

वाण्याकडे गेलों कीं अजूनही मी एच्. एम्. टी.च मागतों, दुसरें नांव घेतलें तर त्यास उमगावयाचें नाहीं. आमच्या घरांत मात्र आतां त्यास 'दादाजींचा तांदूळ' म्हणतात.