फाइल उघडताना

कला शाखेच्या विद्यार्थिनीचा आणि संगणकाच्या 'सी' भाषेचा संबंध काय, असे मैत्रिणी मला विचारतात. एका अक्षराने अर्थाचा अनर्थ होतो, हे आम्हां भाषेच्या विद्यार्थ्यांना नवे नाही. 'सी' भाषेत तर ते अक्षरशः खरे आहे.

डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ही भाषा घडविली. तीत मजकुराची फाइल 'एफओपन' या आज्ञेने उघडतात आणि सोबत एक अक्षर देतात. 'आर' म्हणजे केवळ वाचणे. 'डब्ल्यू' म्हणजे लिहिणे. पण फाइलीत आधीचा मजकूर असेल तर तो उघडताक्षणीच नाहीसा होतो, आपण एक अक्षरही लिहिण्यापूर्वी! 'खरेच पुसू का?' असे कोणी विचारीत नाही. 'ए' म्हणजे जुन्याला धक्का न लावता शेवटी भर घालणे.

हे शिकत असतानाच मी आजीच्या जात्यावरच्या ओव्या उतरवून घेऊ लागले. आजीला लिहिता-वाचता येत नाही. तिच्या आईकडून आलेल्या या ओव्या कागदावर कधी चढल्याच नाहीत. रोज रात्री तिला चार-दोन आठवतात. तेवढ्या मी 'ए' देऊन फाइलीत घालते. लिहिलेले आधी एका तात्पुरत्या जागेत साठते. 'एफक्लोज'ने फाइल बंद केली की उरलेले सारे फाइलीत जाते. त्याआधीच वीज गेली तर ते हरवू शकते. म्हणून प्रत्येक ओवीनंतर मी फाइल बंद करते.

वाचण्याचीही गंमत आहे. 'आई' हा शब्द आपल्याला दोन अक्षरांचा. यूटीएफ-८ पद्धतीत तो सहा बाइटांचा होतो. 'एफगेटसी' ही आज्ञा एका वेळी एकच बाइट वाचते. म्हणजे आईचे एकेक अक्षर हाती येण्यासाठी तीनतीनदा वाचावे लागते!

आजी रोज विचारते, "कालचं हाय न्हवं गं जागेवर?" मी वाचून दाखवते. ऐकता ऐकता तिला पुढची ओवी सुचते.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. शिकले की मागचे सारे पुसून कोऱ्या पानावर सुरुवात करावी, असे पुष्कळांना वाटते. मलाही कधी वाटते. आजीच्या ओव्यांत सासुरवास आहे आणि तो मला नको आहे. पण तिने तो कसा सोसला, हे वाचल्यावाचून 'नको' म्हणण्याचे बळ मला कोठून येणार?