फायबरच्या गाडीची परतीची वायर

विजेवर चालणारा पेट्रोल पंप ठणठणीत असला की त्याचा आवाज ओळखता येतो. चावी फिरवली की गाडीच्या मागच्या बाजूला दोन-तीन सेकंद एकसुरी गुणगुण होते आणि थांबते. एमपीएफआय इंजिनाचा कॉम्प्युटर तेवढ्यात लाइनमध्ये दाब भरून घेतो आणि इंजिन फिरायला लागेपर्यंत पंप बंद ठेवतो. पूर्णगडला आमच्या अंगणातल्या मांडवाखाली उभ्या असलेल्या गाडीत ही गुणगुण नव्हती, नुसतं कण्हणं होतं. इंजिन सुरू व्हायचं, पण हेडलाइट लावले की त्याची धाप लागायची आणि ॲक्सिलरेटर दाबला की ते बंद पडायचं.

ही गाडी कारखान्यातून आलेली नाही. घाट लोटस सेव्हनचा, जागा दोघांपुरती, डोक्यावर छप्पर नाही. चौकोनी लोखंडी नळ्यांची चेसी, वर फायबरची बॉडी आणि पुढे भंगारात निघालेल्या जिप्सीचं १.३ लिटरचं इंजिन. कोल्हापूरच्या एका हौशी माणसाने ती अर्ध्यावर सोडली होती, मी टेम्पोत घालून आणली. मूळ सेव्हन लोटसच्या कॉलिन चॅपमनने १९५७ साली बाजारात आणली आणि ती सुट्या भागांतही विकली, कारण ब्रिटनमध्ये तयार गाडीवर खरेदी कर लागायचा, सुट्या भागांवर नाही. माणसं घरच्या गॅरेजात पाने घेऊन बसली आणि गाड्या जोडू लागली. १९७३ मध्ये व्हॅट आला, सवलत गेली. त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले आणि ती गाडी अजून बनते आहे.

आपल्या किनाऱ्यावरही याच घाटाची गाडी बनली, अलिबागजवळ कार्लेखिंडीत. चिंकारा मोटर्सची रोडस्टर. फायबरची बॉडी आणि ॲम्बॅसडरमध्ये यायचं तेच इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन. अशी गाडी कोकणात बांधता येते, हे मला त्या रोडस्टरने पटवलं. माझी गाडी मात्र रस्त्यावर उतरणार नाही. आपल्याकडे नव्या गाडीच्या नमुन्याला एआरएआयसारख्या संस्थेची मंजुरी लागते, ती घरी जोडलेल्या एकट्या गाडीसाठी मिळवणं माझ्या आवाक्यातलं नाही. ती फिरणार ती गावावरच्या सड्यावर, आमच्याच जागेत.

एका मेकॅनिकने आवाज ऐकून पंप गेल्याचं सांगितलं. मला मोजल्याशिवाय पटेना. पंपाचा रिले काढून त्याच्या ३० आणि ८७ नंबरच्या खाचा फ्यूज घातलेल्या वायरने जोडल्या. असं केलं की कॉम्प्युटरची वाट न बघता पंप सलग चालतो. बॅटरीवर १२.५ व्होल्ट, पंपाच्या दोन टोकांवर १०.१. म्हणजे जवळजवळ अडीच व्होल्ट वाटेत कुठेतरी गळत होते. पंपाकडे जाणाऱ्या वायरीत गळती फक्त ०.३ ची. मग मीटरचं एक टोक पंपाच्या काळ्या वायरीवर आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवलं. तिथे जवळपास शून्य दिसायला हवं होतं. दिसले २.१.

पंप पाच अँपिअरच्या आसपास ओढतो. म्हणजे दहा वॉटची उष्णता कुठल्यातरी एका जोडात नुसती जळत होती. बोटं फिरवत गेलो आणि तो जोड सापडला. काळी वायर टाकीजवळच्या पट्टीला बोल्टने आवळलेली, ती पट्टी फायबरला रिव्हेटने ठोकलेली, आणि त्यातला एकच रिव्हेट चेसीपर्यंत पोचलेला, तोही पावडर कोटिंगवर टेकून. रिव्हेट हाताला कोमट लागत होता.

साध्या गाडीत हे चालून जातं. पत्र्याची अख्खी बॉडी बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेली असते, काळी वायर जवळच्या कुठल्याही बोल्टाला लावली की काम झालं. पत्र्याच्या गाड्यांवर हात बसलेल्याची वायरिंगची सवय तीच असते. फायबरमधून मात्र वीज जात नाही, आणि खालची चेसी रंगाच्या थराखाली झाकलेली.

हे ज्यांना कुणी सांगावं लागत नाही अशी माणसं आमच्या गावात आहेत. मुचकुंदी नदीच्या मुखाशी फायबरच्या होड्या उभ्या असतात. त्यांवर दिवे, वायरलेस, जीपीएस, मासे शोधायचं यंत्र असं सगळं बॅटरीवर चालतं. त्यांचं वायरिंग करणारे एक काका आहेत, त्यांना बोलावलं. त्यांनी उकिडवं बसून तो रिव्हेट पाहिला आणि म्हणाले, "फायबराला कसला आलाय अर्थ? होडीत करतो तसं कर. जेवढी लांब वायर गेली, तेवढीच परत यायला हवी." माझ्या मीटरवरचे आकडे त्यांनी विचारलेसुद्धा नाहीत.

त्यांनीच कल्हई केलेल्या तांब्याची वायर आणून दिली. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत साधं तांबं आवरणाच्या आतून काळं पडत जातं, वरून कळतही नाही. माझ्या जुन्या वायरीचं टोक सोललं तर वीतभर आतपर्यंत काळे तंतू निघाले, थिंबलाशी हिरवा कळंक. नव्या दोन्ही वायरी अडीच चौरस मिलिमीटरच्या घेतल्या.

कामाला हात लावण्याआधी बॅटरी सोडली आणि टाकीभोवतीची जागा उघडी ठेवली. पेट्रोलची वाफ जड असते, खालच्या खोबणीत साचून राहते, तिथे एक ठिणगी पुरे. पंप टाकीच्या तळापेक्षा खाली आणला. विहिरीवरचा पंप जसा पाणी खेचण्यापेक्षा ढकलायला दमदार, तसाच हाही. फ्यूज बॅटरीला अगदी लागून बसवला, कारण फ्यूजच्या अलीकडची वायर कुठे घासली तर तिला वाचवणारं कुणी नसतं. परतीची काळी वायर पंपापासून थेट बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत नेली, मध्ये कुठे बोल्ट नाही. चेसीला वेगळी जाड पट्टी दिली, त्या जागेचं कोटिंग पॉलिश पेपरने चकचकीत होईतो खरवडलं, स्टार वॉशर घातला आणि वरून ग्रीस थापलं. थिंबलं काकांनी स्वतः दाबली, प्रत्येक ओढून पाहिलं आणि वर श्रिंक स्लीव्ह आवळली.

पेट्रोल भरायच्या तोंडाशी आणखी एक गोष्ट केली. ते धातूचं तोंड फायबरमध्ये बसवलेलं आणि खाली रबरी नळी, म्हणजे ते अधांतरीच. वाहत्या पेट्रोलने स्थितिक वीज साठते, तिला उतरायला वाट हवी. तोंडापासून टाकीला आणि टाकीपासून चेसीला वायर दिली. मूळ जोडणाऱ्याने ती दिली नव्हती. पंप धड चालत नव्हता त्यापेक्षा मला ही त्रुटी जास्त गंभीर वाटते.

इनर्शिया स्विचही घातला. त्यात लोहचुंबकाने धरलेला एक गोळा असतो. जोराचा धक्का बसला की गोळा निसटतो आणि पंपाची वीज तुटते, वरचं बटण दाबेपर्यंत ती परत येत नाही. इंजिन बंद पडलं तर कॉम्प्युटर पंप थांबवतोच, पण धडकेनंतर इंजिन चालू राहिलं आणि पेट्रोलची नळी फाटली, तर पंप इमाने इतबारे पेट्रोल बाहेर ओतत राहील. दोन माणसं टाकीच्या पुढ्यात वीतभर अंतरावर बसतात अशा गाडीत हा स्विच नसणं मला मान्यच नाही.

पुन्हा मोजलं. बॅटरी १२.५, पंपावर १२.१. पंप जुनाच. चावी फिरवल्यावर गुणगुण स्वच्छ आली, इंजिन लागलं, हेडलाइट लावले, रेडिएटरचा पंखा सुरू झाला, इंजिनाचा सूर हलला नाही. सड्यावर तिसऱ्या गिअरपर्यंत ओढली तरी कुठे आचका नाही. काका शेजारी बसले होते. खाली उतरल्यावर त्यांनी बॉनेट उघडायला लावलं आणि पंख्याच्या काळ्या वायरीवर बोट ठेवलं. तीही चेसीच्या एका रंगवलेल्या बोल्टाला लावलेली होती. पावसाआधी तीही बदलायची आहे, आणि मागच्या दिव्यांच्या दोन्ही.