राजाच्या ओसरीवरून दिसलेले पाणी



पाटाला पाणी आले की आपण खोरे उचलतो आणि दारे धरायला जातो. पाणी किती दिवस टिकेल, आपली पाळी कधी, शेजाऱ्याने बांध फोडला की काय, याची चौकशी आपण रोज करतो. पण पाटाच्या वरच्या टोकाला काय आहे, ते पाणी कोणत्या डोंगरावरून आणि कोणाच्या दारावरून येते, हे पाहायला आपण सहसा जात नाही. मीही गेलो नव्हतो. तीसएक वर्षे शेतीखात्यात काढून मी पाण्याची वरची बाजू नीट पाहिली ती आपल्या मुलखात नव्हे, तर दूर केरळात, एका राजाच्या उन्हाळी वाड्याच्या ओसरीवर बसून. तीच हकीकत आज तुम्हांला सांगतो.

संक्रांत झाल्यावर आम्ही दोघे मदुराईला गेलो. तिथून मोटारीने पश्चिमेकडे निघालो. उसिलमपट्टीच्या आसपासचा मुलूख पाहून आपल्या माण-खटावची आठवण झाली. बोडके डोंगर, तांबडी कोरडी जमीन, काटेरी बाभळी आणि शेळ्यांचे कळप. सौ. म्हणाली, "अहो, एवढ्या लांब येऊन हेच बघायचं होतं का?" पण तेनी मागे पडले आणि चिन्नमनूरच्या पुढे रस्ता कंबम खोऱ्यात शिरला तसा पडदा बदलावा तसा देखावा बदलला. दोन्ही अंगांना भाताची हिरवी खाचरे, केळी, नारळ आणि द्राक्षांचे मांडव! नाशिक-सांगलीच्या बागाइतदारांना नवल वाटेल, पण इथल्या काळ्या 'पन्नीर' द्राक्षांची तोडणी जवळजवळ वर्षभर कुठे ना कुठे चालू असते. एका मांडवात घड उतरवत होते, तर शेजारच्यात नुकतीच छाटणी झालेली होती. या द्राक्षांना २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले.

आता हे खोरे पर्जन्यछायेतले. पश्चिमेच्या डोंगरावर पाऊस कोसळतो आणि इथे ढग नुसते वरून निघून जातात. मग एवढे पाणी आले कुठून? गावोगावी लागलेल्या फलकांवर त्याचे उत्तर होते. मिशीवाल्या एका इंग्रजाचे चित्र आणि त्याला फुलांचे हार. हा जॉन पेनीक्विक, मुल्लपेरियार धरण बांधणारा इंजिनिअर. १५ जानेवारी हा त्याचा जन्मदिवस. त्या दिवशी इथले शेतकरी पोंगल शिजवून त्याची आठवण करतात आणि कितीतरी घरांत मुलांना त्याचे नाव ठेवले आहे.

त्याने केले ते असे. पेरियार नदी डोंगरात उगम पावते आणि पश्चिमेला वाहत जाऊन अरबी समुद्राला मिळते. त्याने तिला डोंगरमाथ्यावरच अडवली, मागे तलाव केला आणि डोंगराच्या पोटातून बोगदा काढून पाणी पूर्वेकडे, या कोरड्या मुलखात उतरवले. १८८७ ते १८९५ अशी आठ वर्षे काम चालले. पुराने काम वाहून जाई, तापाने माणसे दगावत. दगड, चुना आणि सुरखीचे ते धरण आजही उभे आहे. पुढे त्याच पाण्यावर वीजही होऊ लागली. घाट चढताना लोअर कॅम्पजवळ डोंगरावरून उतरणारे मोठाले नळ दिसतात, त्यांतून हेच पाणी खाली येते.

पण धरण बांधले मद्रास सरकारने आणि जमीन होती त्रावणकोरच्या राजाची! १८८६ साली करार झाला. सुमारे ८,००० एकर जमीन, दर एकरी वर्षाला ५ रुपये खंड आणि मुदत ९९९ वर्षे! आपल्याकडे खंडाने शेत देताना तीन वर्षांवर कोणी बोलत नाही. १९७० साली नवा करार होऊन खंड एकरी ३० रुपये झाला. आज धरण केरळच्या हद्दीत आहे आणि पाणी तमिळनाडूला जाते. जुने धरण फुटले तर काय, ही धास्ती खालच्या केरळी लोकांना आहे. पाणी कमी झाले तर काय, ही धास्ती तमिळ शेतकऱ्यांना आहे. भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०१४ साली न्यायालयाने १४२ फुटांपर्यंत पाणी साठवायला परवानगी दिली. दोन गावांतला पाटाचा तंटाच हा, फक्त दोन राज्यांएवढा मोठा.

घाट संपला की कुमळी हे गाव लागते. वेशीवर एक फाटक, अलीकडे तमिळनाडू आणि पलीकडे केरळ. गावभर वेलदोड्यांचा वास. तिथून थोडे पुढे तेक्कडीचा धक्का आहे. लेकीने हट्टाने आमच्यासाठी तलावातल्या राजवाड्यात एका रात्रीची खोली घेतली होती. एरवी आमच्यासारख्यांना ते भाडे परवडणारे नाही. नावेत बसताच अंगात फुगीर जाकीट घालायला लावले. याच तलावात २००९ साली एक नाव उलटून ४५ माणसे बुडाली. तेव्हापासून याबाबत कोणाचे काही ऐकून घेत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

तलावात शिरल्यावर पहिली नजर जाते ती पाण्यातून वर आलेल्या काळ्या खुंटांकडे. हे जुने रान. पाणी चढले तेव्हा झाडे उभीच बुडाली, आणि सव्वाशे वर्षे उलटली तरी त्यांचे बुंधे अजून उभे आहेत. त्यांवर पाणकावळे पंख पसरून ऊन खात बसले होते. सौ.ने नकळत हात जोडले. धरणात गेलेल्या गावातले देऊळ उन्हाळ्यात उघडे पडते, तेव्हा आपल्याकडेही बायका असेच हात जोडतात.

राजवाडा म्हटल्यावर डोळ्यांपुढे बुरूज आणि महाल उभे करू नका. एडप्पाळयम नावाच्या जागी, तिन्ही बाजूंनी पाणी असलेल्या टेकडीवर हे एक कौलारू घर आहे. खोल्या अवघ्या सहा, पुढे ओसरी. त्रावणकोरचे महाराज उन्हाळ्यात इथे येत. आता केरळचे पर्यटन महामंडळ तिथे पाहुण्यांची सोय करते. भोवती खोल खंदक खणला आहे. तो शत्रूसाठी नाही, हत्तींसाठी आहे. हत्ती खंदक ओलांडत नाही. म्हणजे जनावरे मोकळी आणि माणूस कोंडवाड्यात, असा हा उलटा मामला.

भोवतालचे रान पूर्वी शिकारीचे. १९३४ साली महाराज चित्तिरा तिरुनाळ यांच्या कारकिर्दीत तलावाभोवतीच्या रानाला संरक्षण मिळाले. याच महाराजांनी १९३६ साली आपल्या राज्यातली देवळे सर्व हिंदूंना, अस्पृश्य मानलेल्यांनाही, खुली केली. १९५० साली अभयारण्य वाढले आणि १९७८ साली ते व्याघ्रप्रकल्प झाले. आज त्याचे क्षेत्र ९२५ चौरस किलोमीटर आहे. आपल्याकडे राधानगरीला असेच घडले. शाहू महाराजांनी धरणाला हात घातला, आणि शेजारच्या दाजीपूरच्या रानाला १९५८ साली गव्यांसाठी अभयारण्य केले गेले. राजाचे रान राखले गेले म्हणून खालच्या नदीला पाणी राहिले, हे दोन्हीकडे सारखेच.

संध्याकाळी ओसरीवर चहा घेत बसलो होतो. समोरच्या काठावर गवताचा पट्टा होता. झाडीतून एक काळे धूड बाहेर आले, मग दुसरे, मग वासरे. गवे! पायांत पांढरे मोजे घातल्यासारखे. शेजारचे पाहुणे कुजबुजू लागले, दुर्बिणी निघाल्या. सौ. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आपल्याकडे हाच गवा भातात शिरला की बाया-माणसं डबे बडवत रात्र काढतात. इथं पैसे देऊन बघायला बसलेत सगळे."

हातातला चहा निवून गेला. माझ्या नोकरीची काही वर्षे सह्याद्रीच्या कुशीतल्या एका तालुक्यात गेली. रानाला लागून असलेल्या वाडीत एका शेतकऱ्याचे पंधरा गुंठे भात गव्यांनी एका रात्रीत तुडवले. कापणीला चार दिवस उरले होते. मी पंचनाम्याला पोचलो तो आठवड्याने. तोवर चिखल वाळून गव्यांच्या खुरांचे ठसे दगडासारखे झाले होते. तो बांधावर बसून होता. म्हणाला, "साहेब, गवा सरकारचा. मग भात कुणाचं?" मी उत्तर दिले नाही. आकडे लिहिले, सही घेतली आणि मुक्कामाची गाडी गाठली. राजाच्या ओसरीवर तो प्रश्न पुन्हा माझ्यासमोर येऊन बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका वाटाड्याबरोबर रानात फिरलो. जळवांसाठी पायांत गुडघ्यापर्यंत कापडी मोजे चढवले होते. तेक्कडीच्या काही वाटाड्यांची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. गेल्या शतकाच्या अखेरपर्यंत ही माणसे चोरून रानदालचिनीची साल काढत. त्यापायी झाडेच्या झाडे मरत. अंगावर खटले होते. वनखात्याने त्यांच्याशी बोलणे केले. त्यांनी चोरी सोडली, खटले मागे घेतले गेले आणि तीच माणसे रानाची राखणदार व वाटाडी झाली. रानाची प्रत्येक चोरवाट त्यांना माहीत, त्यांच्याहून चांगला रखवालदार कोण मिळणार? मन्नान आणि पळियन हे इथले मूळ रहिवासी. त्यांना पूर्वीच रानातून उठवून कडेला वसवले होते. त्यांची मिरीची पिके सावकारांकडे गहाण पडलेली असत. समित्या स्थापून ती सोडवली गेली आणि आज त्यांची सेंद्रिय मिरी परदेशी जाते.

आणि माझ्या भगिनींनो, तुमच्यासाठी एक गोष्ट. कुमळीच्या आसपासच्या बायकांनी २००२ सालापासून 'वसंत सेना' चालवली आहे. घरची कामे वाटून घेऊन पाळीपाळीने त्या रानात गस्त घालतात. पगार नाही. त्या निघाल्या आणि चंदनचोरांना आळा बसला. आपल्या बचतगटांनी विचार करावा असे हे काम आहे.

परतताना वेलदोड्याची एक बाग पाहिली. हे झाड सावलीशिवाय जगत नाही, म्हणून बागाइतदार वरची मोठी झाडे तोडत नाही, नुसती छाटतो. फळे बुंध्याशी, जमिनीलगत लोळणाऱ्या दांड्यांना लागतात. दर महिना-दीड महिन्याने वाकून वाकून तोडणी करावी लागते, आणि पाच किलो ओली फळे वाळवली की जेमतेम एक किलो माल होतो. झाड राखले तरच पीक, हे इथे शेतकऱ्याला कोणी सांगावे लागत नाही.

आता त्या प्रश्नाचे काय? मला सापडले ते उत्तर अर्धे आहे, पण सांगतो. रान राखले म्हणून पाणी टिकते आणि पाणी टिकते म्हणून खालचा शेतकरी पिकतो. पण रानाची झळ सोसतो तो कडेचा शेतकरी. कंबमचा शेतकरी इंजिनिअरला हार घालतो, ते बरोबरच आहे. मात्र रानाच्या कडेला रात्र जागणाऱ्याचेही त्याच्यावर देणे आहे. आपणही, ज्यांच्या उसाला डोंगराचे पाणी येते त्यांनी, निदान ते उधळू नये. भरमसाठ पाण्याने जमिनी खारावल्या, तर आपण वरच्याचा त्यागही मातीत घालवला. आणि कडेच्या बांधवांनो, नुकसान झाले की त्याच दिवशी वनखात्याकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या, फोटो काढा. कुंपणात विजेचा प्रवाह मात्र कधी सोडू नका. त्यात जनावर मरते, तसे शेजाऱ्याचे पोरही मरते.

गावी आल्यावर वाकडी वाट करून मी त्या वाडीत गेलो. तो शेतकरी आता थकला आहे. त्याच्या ओट्यावर बसून मी त्याला सगळे सांगितले, तलाव, बोगदा, खंदक, द्राक्षांचे मांडव. त्याने मुकाट्याने ऐकून घेतले. मग म्हणाला, "साहेब, पाणी खाली जातं आणि गवा वर येतो. हे काय बदलायचं नाही. तुम्ही पंचनाम्याला तेवढं लवकर येत जा."

तेव्हापासून असा अर्ज आला की मी दुसऱ्या दिवसाची वाट पाहत नाही.