आत कोण कोण आहे?

वाचनालयातल्या रहस्यकथेचं शेवटचं पान बहुधा जागेवर नसायचं. कुणी फाडून नेलेलं असे, नाहीतर शेकडो हातांतून फिरून आपसूक सुटलेलं असे. मग आधीचा एखादा वाचक मलपृष्ठाच्या आतल्या कोऱ्या बाजूवर निळ्या शाईत शेवट लिहून ठेवी : 'खून मॅनेजरने केला. मुलगी वाचते. काळजी करू नये.' १ मे १९८१ला जालना जिल्हा औरंगाबादपासून वेगळा झाला, त्या सुमाराची ही गोष्ट. मी अंबडला शाळेत होतो. बाबुराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड तोवर जुने झाले होते, पण त्यांची पुस्तकं कपाटात राहत नसत. सुहास शिरवळकरांचा दारा बुलंद आणि फिरोज इराणी यांच्यासाठी तर नंबर लावावा लागे. गुरुनाथ नाईक, नारायण धारप हेही होतेच. समीक्षकांनी या पुस्तकांकडे पाहिलं नाही. त्यांची समीक्षा झाली ती पानांच्या समासात, पेन्सिलीने. 'इथे दिवा विझवायला नको होता.' 'फिरोज, मागे बघ!' खाली दुसऱ्या अक्षरात : 'बघितलं त्याने. पान ८४.' अनोळखी माणसं एकमेकांना धीर देत होती. मला कथेइतकेच ते शेरे प्रिय होते.

घरी रात्री वीज गेली की आई कंदिलाशी बसून मोठ्याने वाचायची. आम्ही भावंडं खुनी कोण, गुप्त दार कुठे, यात गुंतलेले असायचो. आजी भिंतीला टेकून ऐकायची. कुणाला तळघरात कोंडलं, पळवून नेलं, की तिचा एकच प्रश्न : "त्याला पाणी तरी दिलं का रं कोणी?" पुस्तकात तसं काही नसायचं. आई पान उलटायची. आजीला ते उलटलेलं पान पटायचं नाही; पुढच्या प्रकरणात नायक जिंकला तरी ती म्हणायची, "पर ते पोरगं दोन दिस उपाशी व्हतं."

आजीचं माहेर घनसावंगीकडचं. रझाकारांच्या धामधुमीत, १९४८च्या पोलीस ॲक्शनच्या आधी, गावात आवई उठली की वाड्यातली लहान मुलं आणि बाया बळदात उतरवत. धान्य साठवायची ती भिंतीआडची अंधारी जागा. वर कोण आलं, कोण गेलं, किती होते, हे तिने आम्हाला कधी सांगितलं नाही. तिने सांगितलं ते आतलं. ज्वारीची धूळ घशात बसायची, धाकट्या बहिणीला खोकला यायचा आणि तिच्या तोंडावर पदर धरायला लागायचा. एक तांब्या होता. तो आधी कुणाला द्यायचा हे मोठी चुलती ठरवायची. माझ्या माहितीतली वेढ्याची सगळ्यात अस्सल कथा हीच, आणि तिच्यात वेढा घालणारा कुठेच नाही.

पुढे बी.एड.ला औरंगाबादला होतो. औरंगपुऱ्यात जुन्या पुस्तकांत स्टीफन किंगचा एक जाडजूड इंग्रजी संग्रह मिळाला. रिचर्ड बाखमन या टोपणनावाने त्याने लिहिलेल्या कादंबऱ्या त्यात एकत्र होत्या. पहिलीच 'रेज', १९७७ची. चार्ली डेकर नावाचा मुलगा बीजगणिताच्या तासाला बाईंवर गोळी झाडतो आणि वर्ग ओलीस धरतो. बाहेर पोलीस, आत मुलं. हळूहळू मुलं त्याच्या बाजूला झुकतात, आपापली गुपितं सांगू लागतात. टेड नावाचा एकच मुलगा शेवटपर्यंत विरोध करतो, आणि त्याच्यावर हल्ला होतो तो बंदुकीने नव्हे, त्याच्याच वर्गमित्रांकडून. शब्दकोश उशाशी ठेवून मी ती वाचली आणि खोलीतल्या मित्रांना रोज रात्री थोडी थोडी सांगितली. एकाला चार्ली फार आवडला. त्याच्या वडिलांचा मारही चार्लीच्या वडिलांसारखाच होता. दुसऱ्याने टेडची बाजू घेऊन त्याच्याशी भांडण काढलं. बीडकडचा तिसरा, जो एरवी गप्प असायचा, त्याने विचारलं, "त्या बाई अजून तिथेच पडल्यात का?" होय, तिथेच होत्या. मिसेस अंडरवूड. पूर्ण कादंबरीभर त्या वर्गाच्या जमिनीवर असतात आणि मुलं बोलत राहतात.

तेव्हा मी चार्लीबरोबर वाचत गेलो होतो. विशीत वाचक बंडखोराबरोबरच जातो. नोकरी लागल्यावर पुन्हा वाचली तेव्हा माझी नजर अंडरवूडबाईंवरून हलेना.

या कादंबरीचं वाचकांनी काय केलं, हा तिचा दुसरा आणि जास्त भयंकर भाग आहे. १९८८ आणि १९८९ मध्ये अमेरिकेत दोन मुलांनी आपापल्या शाळेतला वर्ग ओलीस धरला. दोघांशीही या पुस्तकाचं नाव जोडलं गेलं. १९९७च्या डिसेंबरात केंटकी राज्यात प्रार्थनेसाठी जमलेल्या मुलांवर एका विद्यार्थ्याने गोळ्या झाडल्या, तीन मुली गेल्या. त्या विद्यार्थ्याच्या शाळेतल्या कपाटात 'रेज'ची प्रत होती. किंगने प्रकाशकाला सांगून कादंबरी छापणं थांबवलं. सरकारने हुकूम काढला नव्हता, न्यायालयाने बंदी घातली नव्हती. सँडी हूकच्या शाळेतल्या हत्याकांडानंतर, २०१३ मध्ये, त्याने बंदुकांवर एक दीर्घ निबंध लिहिला आणि त्यात आपली बाजू मांडली : पुस्तकाने ही मुलं घडवली नाहीत, ती आधीच मोडलेली होती, पण आपलं पुस्तक त्या आगीत तेल ओतू शकतं हे दिसल्यावर ते बाजारात ठेवणं आपल्याला पटलं नाही. माझे काही मित्र याला लेखकाची शरणागती म्हणतात. मला तसं वाटत नाही. एवढ्या खपाच्या लेखकाने चार-पाच वाचकांचं वाचन इतकं मनावर घ्यावं, याचा मला आदर आहे.

रशियातल्या बेसलानची शाळा ओलीस धरली गेली तेव्हा मी घनसावंगी तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत होतो. १ सप्टेंबर २००४. रशियात त्या दिवशी शाळा सुरू होतात. मुलं फुलं घेऊन येतात, सोबत आईवडील, धाकटी भावंडं. अकराशेहून जास्त माणसं तीन दिवस, बहुतेक सगळी एका व्यायामशाळेत कोंडलेली होती. ३३४ गेली, त्यांत १८६ मुलं. टीव्हीवर दिसत होतं ते उघड्या अंगाची मुलं बाटल्या तोंडाला लावून घटाघटा पाणी पिताना. आत त्यांना पाणी मिळालं नव्हतं. आजी तेव्हा हयात नव्हती.

पेशावरच्या शाळेतल्या हत्याकांडाची बातमी १६ डिसेंबर २०१४ची. दुसऱ्या दिवशी पंतप्रधानांच्या आवाहनावरून देशभरच्या शाळांत दोन मिनिटं मौन पाळलं गेलं. आमच्याही परिपाठात पाळलं. नंतर सहावीतल्या मुलांनी विचारलं, ती मुलं कुठे लपली होती, बाकाखाली मावली का. मारणारे कोण, हे एकानेही विचारलं नाही. मोठी माणसं मात्र दिवसभर तेवढंच बोलत होती.

आणि मग २०२३. अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर १ सप्टेंबरच्या संध्याकाळी लाठीमार झाला. दुसऱ्या दिवशी शनिवार, सकाळची शाळा. मुलं येऊन बसली आणि तासाभरात एसटी बंद, रस्ते अडलेले, धुराच्या बातम्या. आमच्या शाळेला कसलाही धोका नव्हता, त्या दिवसाला वेढा म्हणणं अतिशयोक्ती होईल. पण वस्त्यांवरून येणारी मुलं घरी जाऊ शकत नव्हती आणि पालक पोचत नव्हते. मी फाटकाशी उभा राहिलो तेव्हा रस्त्याचा विचार डोक्यात नव्हता. टाकीत पाणी किती, पहिलीतल्या पोरींना मुतारीपर्यंत कोण नेणार, दम्याच्या मुलाचा पंप दप्तरात आहे का, एवढंच चालू होतं. मावशींनी खिचडीची दुसरी पातेली चढवली. दुपारपर्यंत मोटारसायकलींवर एकेक बाप आला आणि शाळा रिकामी झाली.

त्या वर्षी आमच्या शाळेच्या हस्तलिखित अंकात आठवीतल्या एका मुलीने थरारकथा दिली. शाळेला गुंडांनी घेरलंय. गुंडांना तिने नावंही दिली नव्हती. खिचडीच्या मावशी मात्र नावानिशी, शिपाईमामा नावानिशी, कुणाला भूक लागली, कोण रडलं, कुणी कुणाचा हात धरला, सगळं होतं. शेवटी मावशी स्वयंपाकखोलीमागच्या दारातून मुलांना बाहेर काढतात. मला ती कथा 'रेज'पेक्षा उजवी वाटली, आणि हे मी कौतुकापोटी म्हणत नाही. अख्ख्या कादंबरीत किंगला जी माणसं दिसली नाहीत, ती हिला चार पानांत दिसली.

एक पालक शाळेत तक्रार घेऊन आले. असलं अभद्र पोरांना लिहायला का लावता? लावलं नव्हतं, पण त्यांची काळजी खरी होती. मी त्यांना किंगची हकिकत सांगितली, काही न लपवता. पुस्तकाने नुकसान होऊ शकतं हेही सांगितलं. मग म्हटलं, तुम्ही ही कथा वाचा आणि ठरवा. व्हरांड्यात उभ्यानेच त्यांनी वाचली. वाचून झाल्यावर म्हणाले, "गुरुजी, मागं दार कुठंय? स्वयंपाकखोलीच्या मागं तर सरळ भिंत हाय."

खरंच होतं. दार मुलीने गोष्टीपुरतं काढलं होतं. शाळा व्यवस्थापन समितीत तिथे खरं दार काढायचा विषय त्या पालकांनीच मांडला. त्यांचं वेल्डिंगचं दुकान. सळया जालन्याहून आणल्या, मजुरी घेतली नाही. वाद झाला तो कडीवर. बाहेरून हवी की आतून, आणि किती उंच. खाली बसवली तर लहान पोरं सुट्टीत विहिरीकडे पळतील, असं मावशींचं म्हणणं, आणि ते बिनचूक होतं. शेवटी कडी आतून, पहिलीतल्या मुलाचा हात पोचेल अशी बसवली, आणि मधल्या सुट्टीत त्या दाराशी एका मोठ्या मुलाची पाळी लावली.