हरकत

पहिलीच्या मुलांना जबर, जेर, पेश शिकवताना त्या खुणांना आम्ही उर्दू शिक्षक हरकत म्हणतो. घरी पोराने खोडी काढली तरी तीही हरकतच. हाच शब्द मराठीत कायद्याच्या कागदावर बसला की त्याला दिवस मोजून मुदत असते, हे मला फार उशिरा कळले.

दहाएक वर्षांपूर्वी मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणासाठी आमच्या हातखंब्याकडच्या जमिनी जाऊ लागल्या. मी बी.एड. करून नुकतीच नोकरीला लागले होते. मधल्या सुट्टीत शाळेतल्या मराठी वर्तमानपत्रात बारीक अक्षरांची एक जाहिरात दिसली आणि तिच्यात आमचा गट क्रमांक. 'एकवीस दिवसांत लेखी हरकत नोंदवावी' असे खाली लिहिले होते. मी ते पान घडी करून पर्समध्ये ठेवले. परीक्षा चालू होत्या, पेपर तपासायचे होते. अम्मीला पान दाखवले तेव्हा महिना उलटून गेला होता. अब्बा हयात असते तर त्याच संध्याकाळी सायकल काढून निघाले असते.

रत्नागिरीच्या वकीलसाहेबांकडे मी अपराध्यासारखी गेले. त्यांनी चष्मा पुसला, जाहिरात दोनदा वाचली आणि म्हणाले, "बाई, ही हरकत जमीन घेण्याबद्दलची. ती गेली. पैशाची वाट वेगळी आहे, ती अजून उघडी आहे." मग त्यांनी समजावले. 1956 च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्याप्रमाणे मोबदला सक्षम अधिकारी ठरवतो, आमच्याकडे प्रांतसाहेब. तो मान्य नसेल तर केंद्र सरकारने नेमलेल्या लवादाकडे जायचे, तिथेही समाधान झाले नाही तर जिल्हा न्यायालय. सिनेमातल्या वकिलासारखे त्यांनी एकदाही टेबलावर हात आपटला नाही. आमच्या कामाचा निम्मा वेळ त्यांनी जुने फेरफार वाचण्यात आणि तारखा जुळवण्यात घालवला. पंचनाम्यात आमची हापूसची कलमे कमी मोजली होती. शेवटी त्यांनी मला बागेत पाठवून एकेका झाडाला खडूने नंबर घालायला लावले. शाळेतला खडू असा कामी आला.

सरकारशी भांडण ठरले, पण त्याआधी घरातले निघाले. दादांच्या मागे सातबाऱ्यावर दोन्ही मुलगे लागले, फुफूचे नाव लागलेच नव्हते. ती पालीला दिलेली. दर ईदला यायची, आंब्याची पेटी घेऊन जायची, हिश्श्याबद्दल कधी बोलली नाही. पैसे येणार म्हटल्यावर तिच्या मुलाने अर्ज दिला. चाचा संतापले. "लग्नात दिलं तेच खूप झालं," म्हणाले. अम्मी गप्प राहिली. मीही गप्पच राहिले, हे इथे लिहायलाच हवे. धाकट्या भावाची इंजिनिअरिंगची फी डोळ्यांसमोर होती.

वकीलसाहेबांनी सगळ्यांना ऑफिसात बोलावले. हिश्श्यांवरून वाद राहिला तर अधिकारी तो दिवाणी न्यायालयाकडे पाठवतो आणि वाद मिटेपर्यंत पैसे तिथे अडकतात, असे सांगितले. चाचांना त्यांनी काही विचारले नाही. माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, तुम्ही शिकवता. दोन मुलगे, एक मुलगी, आई आधीच वारलेली. शरियतच्या हिशोबाने वाटणी सांगा."

"दोन, दोन, एक," मी म्हटले. "पाचातला एक फुफूचा."

हा हिशोब मला लहानपणापासून पाठ होता. तो मोठ्याने म्हणायला मला वकिलाचे ऑफिस लागले. चाचा बराच वेळ पंख्याकडे बघत बसले, मग म्हणाले, "लिहा." पाच जणांच्या सह्या झाल्या. फुफूने अंगठा दिला नाही. थरथरत्या हाताने उर्दूत सही केली. तिला सही येते हेही मला त्या दिवशीच कळले.

असे काम करणारी माणसे आपल्या समाजात नाहीत असे नाही. याच रस्त्याचे काम 2011 पासून रखडले म्हणून चिपळूणचे अ‍ॅड. ओवेस पेचकर जनहित याचिका घेऊन मुंबई उच्च न्यायालयात गेले. 2021 मध्ये न्यायालयाने, हा रस्ता पुरा होईपर्यंत नवे प्रकल्प काढू देणार नाही, असे सरकारला सुनावले. रस्ता तरी पुरा झाला का, ते गणपतीत किंवा ईदला मुंबईहून येणाऱ्यांना विचारावे. आमच्या मुलींना टीचर व्हायचे असते, मुलांना आखातात जायचे असते. वकील व्हायचे म्हणणारे मूल मला वर्गात क्वचितच भेटते.

मोबदल्याची पहिली रक्कम आली, पाचात वाटली. वाढीव रकमेचे प्रकरण लवादाकडून पुढे न्यायालयात गेले, ते अजून चालू आहे. उच्च न्यायालयात जायची वेळ आलीच तर आता मुंबई गाठायला नको. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला सर्किट बेंच बसू लागले आहे आणि रत्नागिरी जिल्हा त्याच्याकडे आहे. पालीवरून आंबा घाट चढायचा की झाले.

गेल्या महिन्यात फुफूला भेटायला गेले. तारीख कधी, किती मिळणार, यातले तिने काही विचारले नाही. "विहिरीकडचं कलम मोजलं का गं? अब्बांनी ते माझ्या नावाचं लावलं होतं."

ते कलम माझ्या खडूच्या यादीत सतरावे होते.