बिल्ल्याचा हिशेब

आमच्या भिलाईत आगीचे नवल कोणास नाही. १९५९ साली येथील पहिली झोतभट्टी सुरू झाली, तेव्हापासून रात्रीचे तांबडे आभाळ पाहतच इथली मुले वाढली. परंतु डोळ्यांना न दिसणाऱ्या वस्तूचे भय निराळे.

माझा मुलगा एका कारखान्यात इरिडियमच्या गामा किरणांनी वेल्डिंगचे जोड तपासतो. कामावर छातीशी एक बिल्ला लावतो. त्यातील चकत्या दर तीन महिन्यांनी प्रयोगशाळेत तापवितात. जितके किरण अंगावर पडले असतील, तितका प्रकाश त्या देतात. नव्याने घरात आलेल्या सूनबाईने हे ऐकून विचारले, “बाबा, ह्या कामाने कर्करोग होतो का हो?”

“मुळीच नाही,” हे उत्तर ओठांवर आले होते. ते मी गिळले; कारण ते खरे नव्हते.

हिरोशिमा व नागासाकी येथे १९४५ च्या बाँबहल्ल्यांतून वाचलेल्यांची पाहणी अनेक दशके चालली. मात्रा वाढली तसा कर्करोगही वाढलेला दिसला. परंतु १०० मिलिसीव्हर्टच्या खाली ही वाढ इतकी अल्प, की इतर कारणांनी होणाऱ्या कर्करोगांत ती हरवून जाते. म्हणून तेथून पुढची रेषा शास्त्रज्ञ अनुमानानेच सरळ शून्यापर्यंत ओढतात. तिच्या हिशेबाने १०० मिलिसीव्हर्टमागे शंभरांत सुमारे एकाला जादा कर्करोग संभवतो. मुलाची पाच वर्षांची बेरीज ५ मिलिसीव्हर्ट. म्हणजे दोन हजारांत एक. निसर्गातूनच माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट मिळतात, हेही ध्यानी घ्यावे.

ही रेषा खरी किती? केरळात करुनागपल्लीच्या किनाऱ्यावरील वाळू किरणोत्सर्गी आहे. तेथील सुमारे ७० हजार रहिवाशांच्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत कर्करोगाची वाढ आढळली नाही. उलट फ्रान्स, ब्रिटन व अमेरिका येथील तीन लाखांहून अधिक अणुकामगारांच्या पाहणीत, अल्प मात्रेनेही धोका वाढल्याचे २०१५ व २०२३ साली दिसून आले.

मी सूनबाईला हा सर्व हिशेब कागदावर मांडून दाखविला. म्हणालो, “मुली, धोका अगदी थोडा आहे, पण तो नाहीच असे मी म्हणणार नाही. म्हणून तर अंतर राखायचे, आडोसा घ्यायचा, वेळ कमी करायचा आणि बिल्ला विसरायचा नाही.”

आता रोज सकाळी डबा हाती देताना ती नवऱ्याला एवढेच विचारते, “आज बिल्ला लावाल ना?” तिच्या स्वरात भय उरलेले नाही, काळजी मात्र आहे, आणि ती असावीच.