बर्फावरचा रुसवा

हॉकी म्हटली की माझ्या डोळ्यांपुढे ध्यानचंद उभे राहतात. टोरांटोला मुलाकडे गेलो तेव्हा कळले, तिथली हॉकी बर्फावरची. आणि तिथल्या रुसव्यापुढे आपल्या जावयांचा दिवाळसणातला रुसवा काहीच नाही!

जेवताना नातवाने एरिक लिंड्रॉसची हकीकत सांगितली. १९९१ साली नवोदितांच्या निवडीत क्वेबेक नॉर्डिक्सने त्याला पहिल्याच क्रमांकावर निवडले. पण पठ्ठ्या तिथे खेळायलाच तयार होईना! वर्षभर अडून बसला. अखेर १९९२ साली क्वेबेकने त्याला फिलाडेल्फियाला देऊन टाकले. बदल्यात पीटर फोर्सबर्गसह बरेच खेळाडू आणि दीड कोटी डॉलर घेतले.

"असल्या हटवाद्याला घरीच बसवायला हवे होते!" मी म्हणालो.

"पण आजोबा, निवडताना त्याला कुणी विचारले होते का?"

मुलाने मान खाली घातली. मी शब्द टाकून मिळवलेली पुण्यातली नोकरी नाकारून तो इकडे आला, तेव्हा दोन वर्षे मी त्याच्याशी बोललो नव्हतो.

"मग जिंकले कोण?" मी विषय बदलला.

क्वेबेकचा संघ १९९५ साली डेन्व्हरला गेला आणि १९९६ साली फोर्सबर्गच्या साथीने त्याने स्टॅन्ली कप जिंकला. लिंड्रॉसला तो कप कधीच मिळाला नाही. पण १९९५ साली हार्ट ट्रॉफीचा मान त्याचाच होता.

"म्हणजे भले दोघांचेही झाले तर!" मी म्हणालो.

"बाबा, अर्धी पोळी वाढू?" मुलाने हळूच विचारले.

मी नको म्हटले नाही.